‘बघते हं आजी’ म्हणालीस ना?

ताई, मी २३ वर्षांची, ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली. इस्राएलहून आलेल्या आमच्याच समाजातल्या मुलामुलींबरोबर चार दिवस कोकणात फिरले. सोबत शाळेपासूनची मैत्रीण होती. ती पहिल्याच दिवशी त्यांच्यात मिसळली, बसमधली जागा बदलली आणि मला फक्त दुभाषाचं काम पडलं की हाक मारायची. तिच्याशी संबंध तोडू का?
– एकटी पडलेली

अगं, तुझं पत्र चार पानी. त्यातली साडेतीन पानं मैत्रिणीवर. तुमच्या पूर्वजांचं गलबत फुटून सात जोडपी वाचली असं सांगतात, त्या नवगावच्या कबरींपाशी ती कुणाला चिकटून उभी होती, हे लिहिलंस. खंडाळ्याला (घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं) एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे तुमच्या प्रेषिताच्या, खडकावर तिनं तुला वगळून फोटो काढला, हेही. मलिद्याचे, म्हणजे तुमच्या प्रार्थनेच्या ताटातले, गोड पोहे कसे झाले होते, ते मात्र नाही.

आणि तिसऱ्या पानावर, कंसात: ‘इस्राएलमधल्या दिमोनाच्या मुलाच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर मीच बोलले, त्याला मराठी येत नाही ना. तिनं अलिबागच्या इस्राएल आळीतली त्यांच्या दारची विहीर आहे का बघायला सांगितलं. मी बघते हं आजी म्हटलं, पण बस सुटत होती, राहून गेलं.’

राहून गेलं! ती बाई लग्नाआधी अलिबाग सोडून गेलेली, हे तूच लिहिलंयस. नातवाला तिची भाषा कळत नाही. एवढ्या वर्षांनी आळीत उभं राहून मराठीत ‘आजी’ म्हणणारं कुणीतरी भेटलं, आणि तुझं लक्ष बसमधल्या रिकाम्या जागेकडे. दुभाषी केलं म्हणून रुसलीस. त्या बसमध्ये आजीशी बोलायला दुसरं कोण पुढे आलं, सांग बरं?

मैत्रिणीचं नंतर बघू. खरं तर नाही बघितलं तरी चालेल.

येत्या रविवारी गेटवेवरून मांडव्याची लाँच पकड. पावसाळ्यात लाँच बंद असते, तेव्हा एसटीनं जा. शनिवारी जाऊ नकोस, शब्बाथला, तुमच्या विश्रांतीच्या दिवशी, आजी फोन घेणार नाही. त्या मुलाकडून आजीचाच नंबर माग, कारण रविवारी तिकडे कामाचा दिवस, तो ऑफिसात असेल. मागेन अबोथ या तुमच्या सिनेगॉगपाशी (प्रार्थनास्थळापाशी), म्हणजे तुमची जुनी माणसं जिला मशीद म्हणतात तिथं, उभी राहा आणि अकराच्या पुढे फोन लाव. त्यांचं घड्याळ आपल्या मागे असतं. मग उजवीकडे की डावीकडे, ते ती सांगेल.

विहीर बुजवलेली असली तर बुजवलेली दाखव. वर कुणाची गाडी उभी असेल, तर ती गाडी दाखव. ती रडायला लागली, तर नेटवर्क गेल्याचं नाटक करू नकोस.