झाड लावण्याआधी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मृग जवळ आला की झाडांविषयीची पत्रं वाढतात. या वेळची पत्रं किनाऱ्यालगतच्या आणि कातळावरच्या बागांची आहेत. पत्र पाठवताना जमीन कसली, समुद्र किती लांब आणि उन्हाळ्यात विहिरीला पाणी कसं राहतं, एवढं जरूर लिहा. फुलाचा रंग शेवटी सांगितलात तरी चालेल.

प्रश्न : आमचं घर समुद्रापासून दीडशे मीटरवर आहे, जमीन पुळणीची (किनाऱ्यालगतच्या वाळूची). २०२०च्या निसर्ग वादळात अंगणातला गुलमोहर आणि कडेचे सुरू पडले. नंतर लावलेल्या गुलमोहराची आणि बहाव्याची पानं कडेने करपतात. सावली, फूल आणि वाऱ्याला आडोसा देणारी झाडं सुचवा. (श्रीवर्धन)

पानं करपतात ती खाऱ्या वाऱ्याने. वाऱ्याबरोबर पाऊस असला तर पान धुतलं जातं. मे महिन्यातल्या कोरड्या वाऱ्यात मीठ पानावरच सुकतं आणि कडा जळतात. अशा दिवसांत संध्याकाळी गोड्या पाण्याने लहान झाडं धुवून काढली तर बराच फरक पडतो, पण हा तात्पुरता इलाज झाला.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी आणि डोक्यावर छत्रीसारखा भार, त्यामुळे पुळणीत तो वादळात टिकणं कठीणच. सुरू आपल्या किनाऱ्यावर सगळीकडे दिसतो म्हणून लोक त्याला इथला समजतात. तोही बाहेरून आणून लावलेला आहे. खारं सोसतो हे खरं, पण वय झालं की मोडतो, आणि त्याच्या पातेऱ्याखाली (गळून पडलेल्या वाळक्या पाल्याखाली) दुसरं काही उगवणं मुश्किल.

तुमच्याकडे झाडांच्या रांगा समुद्राकडून घराकडे अशा लावा. सर्वांत पुढे केवडा आणि निर्गुडी, म्हणजे जमिनीलगतची वाळू अडेल. त्यामागे उंडी, सहा ते आठ मीटरवर एक. उंडीचं जाड, चकचकीत पान मीठ अंगाला लावून घेत नाही, पांढऱ्या फुलांना वास सुरेख आणि सावली दाट. पहिली तीन-चार वर्षं ती हळू वाढते, म्हणून मधल्या जागेत भेंड लावा. भेंडाचे मनगटाएवढे जाड, दीड-दोन मीटरचे दांडे पावसाच्या तोंडावर रोवले तरी जगतात. सकाळी पिवळं उमललेलं फूल संध्याकाळपर्यंत लालसर होतं. भेंडाखाली लाल ढेकण्या जमतात. दिसायला नकोशा वाटतात, झाडाचं फारसं बिघडवत नाहीत. तिसऱ्या रांगेत करंज. बकुळ, सोनचाफा, बहावा ही हौसेची झाडं या तीन रांगांच्या आड, घराजवळ. तुमचा बहावा उपटू नका, पुढचा आडोसा वाढला की तो सावरेल.

वारा अडवायला उंच भिंत बांधू नका. भिंतीवरून आलेला वारा पलीकडे भोवरा घेऊन खाली आपटतो आणि तिथलीच रोपं मोडतात. लहान रोपांना पहिली दोन वर्षं माडाच्या झापांचा आडोसा करा. झापातून थोडा वारा झिरपतो, तो झिरपायलाच हवा.

पुळणीत खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल पुरतो. तळाशी भिजवलेल्या नारळाच्या सोडणांचा एक थर, पोकळ बाजू वर करून, म्हणजे त्यांत पाणी धरून राहतं. वर निम्मी लाल माती, निम्मं कुजलेलं शेणखत. ताजं शेण घातलंत तर मुळं भाजतील. एप्रिल-मेमध्ये विहीर मचूळ होत असेल तर सोनचाफ्याला ते पाणी घालू नका. उंडी आणि भेंड चालवून घेतात.

उंडीची रोपं नर्सरीत मिळाली नाहीत तर बी रुजवा. वरचं कठीण कवच फोडून आतला गर अखंड काढला तर तीन आठवड्यांत अंकुर येतो. कवचासकट पुरलं तर दोन महिने वाट पाहावी लागते.

प्रश्न : पाच गुंठ्यांचा कातळाचा तुकडा आहे. तीन वर्षांत ताम्हणाची आणि बहाव्याची मिळून बारा रोपं लावली. पहिल्या वर्षी छान फुटतात, दुसऱ्या वर्षी पिवळी पडून मरतात. खत कमी पडतं का? (राजापूर)

खत नव्हे, पाणी. तेही कमी नव्हे, जास्त. कातळात मीटरभर खड्डा काढला की तो हौद होतो. पहिल्या पावसात मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात, म्हणून रोप तरारतं. दुसऱ्या पावसाळ्यात ती खाली पोहोचतात, तिथे जून ते सप्टेंबर पाणी तुंबलेलं असतं आणि मुळं कुजतात. पान पिवळं पडतं तेव्हा माणूस खत घालतो आणि उरलंसुरलं रोपही जातं.

आता मे महिन्यातच परीक्षा घ्या. रिकामा खड्डा काठोकाठ पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. वीतभरापेक्षा जास्त पाणी शिल्लक असेल तर त्या खड्ड्यात झाड लावण्यात अर्थ नाही. तळाला पहारीने चार-पाच ठिकाणी फोडून भेग सापडते का पाहा. जांभ्याच्या थराखाली मऊ माती लागली तर पाणी उतरतं. उताराच्या बाजूने खड्ड्याच्या तळापर्यंत चर काढता आला तर उत्तमच. दोन्ही जमत नसेल तर खाली जाण्याचा हट्ट सोडा आणि वर या: फूटभरच खड्डा, त्याभोवती जांभ्याच्या चिऱ्यांचं दोन मीटर व्यासाचं, दोन फूट उंच गोल कडं, आणि आत माती. चिरे चुन्या-सिमेंटने सांधू नका, फटींतून पाणी बाहेर पडू द्या.

भरायला खड्ड्यातून निघालेली जांभ्याची खडी वापरू नका. झाडाखालची पातेरा कुजलेली माती, दोन-तीन घमेली शेणखत, किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट आणि वाळवीसाठी किलोभर निंबोळी किंवा करंज पेंड एवढं पुरे. भराव बसतो, म्हणून वितीभर उंचवटा ठेवा आणि पाऊस दोन-चार वेळा नीट पडून गेल्यावर रोप लावा. पिशवीत रोप जितकं पुरलेलं होतं तितकंच पुरा. बुंधा मातीत गाडला की साल कुजते.

आता झाडांविषयी. ताम्हण आपल्या राज्याचं फूल, एप्रिल-मेमध्ये जांभळं फुललेलं झाड पाहून ते अंगणात हवंसं वाटणं साहजिक आहे. पण ते पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठचं झाड. तुमच्या तुकड्यात खालच्या अंगाला, जिथे पावसाची माती वाहून येऊन साठते आणि ओल टिकते, तिथे एकच लावा. वर कातळावर नको. फूल नव्या फुटीच्या टोकाला येतं, तेव्हा छाटणी फुलोरा संपल्यावर करावी. मार्चमध्ये छाटलंत तर त्या वर्षीची फुलं गेली.

बहावा चिऱ्यांच्या कड्यात चांगला येईल. पावसाळ्यात पिवळसर फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या त्याची पानं फस्त करतात. घाबरून फवारणी करू नका, झाड पुन्हा फुटतं.

आणि कातळाच्या कडेला आपोआप वाढणाऱ्या झाडांकडे बागवाले का पाहत नाहीत हे आम्हाला न उलगडलेलं कोडं आहे. अंजनीचं झुडूपवजा लहान झाड बारमाही हिरवं असतं आणि उन्हाळ्यात फांद्यांना चिकटून गर्द निळ्या फुलांचे झुबके येतात. परदेशातून आणलेल्या कुठल्याही शोभेच्या झुडपाने लाजावं असं. पांढरा कुडा, कुंभा, पळस हेही तिथे तगतात. पाच गुंठे म्हणजे सुमारे पाचशे चौरस मीटर. घर, वाट आणि विहीर वजा जाता दोन मोठी, तीन मध्यम आणि पाच-सहा लहान झाडं, याहून गर्दी नको.

पहिली दोन वर्षं दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा लिटर पाणी, आळ्यात वितीभर पातेरा (बुंध्यापासून चार बोटं लांब) आणि सभोवती दोन मीटर गवत काढलेलं. फेब्रुवारीनंतर सड्यावर (कातळाच्या माळावर) वणवा येतो तो गवतातूनच.

प्रश्न : नर्सरीवाला ‘अशोक’ म्हणून देतो तो सीतेचा अशोक आहे हे कसं ओळखावं? (चिपळूण)

पान पाहा. एका देठावर समोरासमोर चार ते सहा पर्णिकांच्या जोड्या आणि कोवळी पालवी तांबूस, मरगळल्यासारखी खाली लोंबणारी असेल तर तो सीता अशोक. लांब, एकेकटं, कडेला नागमोडी पान असेल तर तो आसुपालव, कुंपणाला उंच सरळ लावतात तो. सीता अशोकाला लहानपणी अर्धी सावली आणि ओल लागते. पोफळीच्या बागेची कड किंवा घराची पूर्व बाजू त्याला मानवते. भर उन्हात लावलेल्या रोपाची पानं भाजतात. बी साठवून ठेवलं की उगवणशक्ती झपाट्याने जाते, म्हणून शेंग पिकली की लगेच पेरा.

प्रश्न : शोभेसाठी रातांबा (कोकम) आणि सुरंगी लावायचा विचार आहे. बी लावू की कलम? (वेंगुर्ला)

रातांब्याचं कलमच घ्या. बियांपासून झालेल्या झाडांत जवळपास निम्मी नर निघतात, आणि ते कळायला फुलावर येईपर्यंत सहा-सात वर्षं जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात पावसाआधी तयार होते, त्यामुळे फळं भिजून फुकट जात नाहीत. पण शोभेसाठी घेताना एक पाहायला हवं: कलमाची काडी कुठल्या फांदीची आहे. आडव्या फांदीच्या काडीचं कलम आडवंच पसरतं, जमिनीवर लोळतं, आणि रातांब्याचा तो नेटका शंकूसारखा आकार कधीच येत नाही. सरळ वाढणाऱ्या शेंड्याची काडी असलेलं कलम मागून घ्या. सहा मीटर अंतर ठेवा आणि पहिली दोन वर्षं सावली करा. आसपास रानात नर झाड नसेल तर एखादं नर कलमही लावावं लागेल.

सुरंगी तुमच्याच भागातलं झाड, तुम्हाला काय सांगावं. ती फळासाठी नव्हे, कळीसाठी लावतात, त्यामुळे नर-मादीची चिंता कमी. बियांपासून फुलावर यायला बरीच वर्षं लागतात. फुलं जुन्या, पानं नसलेल्या फांद्यांवर येतात, तेव्हा आतल्या फांद्या ‘साफसफाई’ म्हणून छाटू नका. झाड मोठं आणि दाट होतं; घरापासून आठ मीटर तरी लांब ठेवा.

प्रश्न : घर आणि गडगा (दगडी कुंपण) यांत तीनच मीटर जागा आहे, मधून सांडपाण्याचा पाइप जातो. तिथे सावलीसाठी सातवीण किंवा कोनोकार्पस लावावा का? (मालवण)

दोन्ही नकोत. कोनोकार्पस झटपट वाढतो म्हणून विकला जातो, पण त्याची मुळं पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांत शिरतात. गुजरातने २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. सातवीण आपल्या रानातली, तिच्याबद्दल तक्रार नाही, पण ती चार-पाच मजली उंच होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री तिच्या फुलांचा वास इतका उग्र असतो की खिडकीशी असेल तर काहींचं डोकं धरतं. वड, पिंपळ, उंबर तर नकोच. फणस, जांभूळ, ऐन, किंजळ यांचं आणखी एक: पुढे तोडायची वेळ आली तर राज्याच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी काढावी लागते.

तीन मीटरांत पारिजातक, कुंती किंवा अंजनी लावा, गडग्यापासून दीड मीटरवर आणि पाइपापासून जितकं लांब जमेल तितकं. पारिजातक फुलोरा संपल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत निम्मा छाटला तर आटोक्यात राहतो. देवळापुढचा खुरचाफा मूळचा अमेरिकेचा असला तरी आमची त्याला हरकत नाही. त्याची मुळं भिंतीला उपद्रव देत नाहीत, फक्त पावसाळ्यात पानांखाली नारिंगी तांबेरा आला की ती पानं गोळा करून जाळा.

रोप घेताना पिशवी फाडून मुळं पाहू द्या असं नर्सरीवाल्याला सांगा. तळाशी मुळांची गुंडाळी झालेली असेल तर ते रोप उंच दिसतं म्हणून घेऊ नका. गुंडाळी तशीच जाड होत जाते आणि दहा वर्षांनी वादळात झाड मुळासकट उलटतं. घेतलंच असेल तर लावताना धारदार कोयत्याने गोळ्याला तीन ठिकाणी उभ्या चिरा द्या आणि तळाची गुंडाळी कापून टाका. आधाराला दोन बाजूंना दोन काठ्या आणि काथ्याची सैल बांधणी असावी. वर्षभराने ती सोडायला विसरू नका, नाहीतर दोरी सालीत रुतते.