अक्षता टाकणाऱ्या हाताला कंगव्याचे दाते

प्रश्न : आमच्या लग्नाचे चित्रण २००३ साली मिनी डीव्ही कॅसेटवर झाले होते. नुकतीच दुकानातून त्याची एमपी४ फाइल करून आणली. माणसे स्थिर असतात तोवर चित्र उत्तम दिसते. मात्र अक्षता पडू लागल्या की प्रत्येक हाताच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा उमटतात. दुकानदार म्हणतात, ‘आम्ही प्रोग्रेसिव्हच निवडले होते, तुमची कॅसेट जुनी आहे.’ दोष नेमका कुठे आहे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : या रेघांचा कॅसेटच्या वयाशी संबंध नाही. आपल्याकडे दूरचित्रवाणीसाठी पाल पद्धत असल्यामुळे त्या काळचे घरगुती कॅमेरे सहसा सेकंदाला २५ पूर्ण चित्रे न टिपता ५० अर्धी चित्रे, म्हणजे फील्ड, टिपत : एका फील्डमध्ये एकाआड एक अशा २८८ ओळी, आणि १/५० सेकंदानंतरच्या फील्डमध्ये मधल्या उरलेल्या २८८. ही दोन्ही फील्ड एकमेकांत गुंफून (यालाच इंटरलेस्ड म्हणतात) फाइलमध्ये ५७६ ओळींची एक फ्रेम ठेवलेली असते. वधूवर अंतरपाटाआड स्तब्ध उभे असतात तेव्हा दोन्ही अर्धी बरोबर जुळतात. अक्षता टाकणारा हात मात्र तेवढ्या अवधीत दोन बोटे पुढे गेलेला असतो, आणि त्याची एक ओळ अलीकडची, एक पलीकडची अशी दिसू लागते. जुन्या काचेच्या टीव्हीवर फील्ड एकामागून एक उमटत असल्याने हे कधी जाणवले नाही.

दुकानदारांची गल्लत ‘प्रोग्रेसिव्ह’ या शब्दाने केली आहे. एन्कोडरमधला, म्हणजे एमपी४ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, तो पर्याय चित्र दुरुस्त करत नाही. समोरची फ्रेम एकाच क्षणाची आहे असे मानून चाल, एवढेच तो सांगतो. मिठाच्या बरणीला साखरेची चिठ्ठी लावावी, तसेच हे. तोटा मात्र दुहेरी होतो : एन्कोडर त्या दात्यांनाच बारकावे समजून त्यांच्यावर बिटरेट, म्हणजे चित्रासाठी मिळालेला डेटा, खर्च करतो, आणि फाइलवर प्रोग्रेसिव्हची खूण पाहून प्लेअरही स्वतःहून डीइंटरलेस करत नाही, म्हणजे गुंफलेली फील्ड सुटी करून पूर्ण चित्रे बनवत नाही.

म्हणून कॅसेटवरून उतरवलेल्या मूळ डीव्ही फाइलकडे परत जावे. ती तासाला सुमारे १३ जीबी भरते, त्यामुळे दुकानदारांनी पुसून टाकण्याआधीच मागून घ्या; नसेल तर कॅसेट पुन्हा उतरवावी लागेल. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर्सखाली डीइंटरलेससाठी बीडब्ल्यूडिफ किंवा याडिफ हा फिल्टर घेऊन त्याचा बॉब हा, प्रत्येक फील्डची वेगळी पूर्ण फ्रेम करणारा, पर्याय निवडावा आणि फ्रेमरेट ५० ठेवावा. बॉबविना केल्यास २५ फ्रेमच उरतात, आणि अक्षतांच्या पडण्यातली सलगता जाते. माझ्या मते घरगुती चित्रणात तिचेच मोल अधिक. फील्डचा क्रम स्वतः द्यावा लागला तर पाल डीव्हीसाठी खालचे फील्ड (दुसरी, चौथी अशा सम ओळींचे) आधी येते. तो उलटा झाला तर हात पुढे-मागे हिसके देत सरकताना दिसतो, आणि चूक लगेच कळते.

जुन्या टीव्हीवर पाहण्यासाठी डीव्हीडी करायची असेल तरच डीइंटरलेस न करता इंटरलेस्ड ठेवावे.

हातातली एमपी४ कितपत वाचवता येईल, हे चालत्या हातावर चित्र थांबवून पाहावे. आकार ७२० बाय ५७६ असून दाते एकेका ओळीचे, स्वच्छ असतील तर तीच फाइल डीइंटरलेस करून बरीच सुधारते. आकार वाढवलेला असून दाते जाड, पुसट झाले असतील, तर दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळली आहेत, आणि ती वेगळी करणारा फिल्टर नाही.