खोक्यावर ‘१०० टक्के रस’, नोटीस दुकानदाराला

प्रश्न : माझं छोटं किराणा दुकान आहे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी सफरचंदाच्या रसाच्या खोक्यांचा नमुना नेला. ‘१०० टक्के फळांचा रस’ या मजकुरामुळे माल मिथ्याछाप (म्हणजे चुकीचं किंवा दिशाभूल करणारं लेबल असलेला) ठरवून कंपनीबरोबर मलाही न्यायनिर्णय अधिकाऱ्यांची नोटीस आली आहे. खोका मी छापला नाही, फोडलाही नाही. मग दंड मला कसा?

उत्तर : लागू शकतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चं कलम ५२ बनवणाऱ्यासारखंच साठवणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही लागतं. दंड ३ लाखांपर्यंत. तेव्हा ‘मी फक्त विकतो’ एवढ्यावर सुनावणीला जाऊ नका.

आधी खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ‘पाणी, सफरचंद रसाचं कॉन्सन्ट्रेट’ असं काहीसं असेल. रसातलं पाणी उडवून तो काकवीसारखा दाट करतात, पिंपांतून पाठवतात आणि पॅकिंगच्या कारखान्यात पुन्हा पाणी घालतात. यात बेकायदा काही नाही. पण तसं रसाच्या नावाजवळ लिहावं लागतं, आणि ४ जून २०२४ ला एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, अशा रसांवरून ‘१०० टक्के’ काढायला सांगितलं. म्हणून ‘रस पुन्हा तपासा’ हा हट्ट धरू नका. भांडण रसाचं नाही, छपाईचं आहे.

उत्पादनाची तारीख पाहा. जुनी छापील वेष्टनं संपवायची मुदत वाढून ३१ डिसेंबर २०२४ झाली होती. माल त्याआधीचा असेल, तर लेखी उत्तराची सुरुवातच तिथून करा.

तुमचा खरा बचाव मात्र बिलांच्या फायलीत आहे. कलम २६(४) प्रमाणे पुरवठादाराचं बिल हीच मालाची लेखी हमी मानली जाते. सीलबंद माल पक्क्या बिलावर घेतला, पुरवठादाराच्या तपासणीवर विसंबलो, हे कलम ८० खाली मांडता येतं. बॅच नंबर जुळवून बिलाची प्रत जोडा. माल कच्च्या चिठ्ठीवर घेतला असेल तर अवघड आहे, कारण पुरवठादार दाखवता आला नाही की जबाबदारी विक्रेत्याच्या गळ्यात येते. शिवाय कलम ४९ खाली दंड ठरवताना तुम्हाला मिळालेला फायदा आणि चूक नकळत झाली का, हे पाहावं लागतं. एका खोक्यामागे तुम्हाला किती सुटतात, तो आकडाही लिहा.

उरलेले खोके फळीवरून काढून वेगळे ठेवा, फोटो घ्या, पुरवठादाराला लेखी कळवून पोच घ्या. आणि त्या ‘१०० टक्के’वर स्टिकर चिकटवू नका. ‘चिकटवून टाका’ असा सल्ला देणारा शेजारी प्रत्येक बाजारपेठेत असतोच.