फ्लॉवरहॉर्न हात चावतो, मग टँक धुवायचा कसा?

प्रश्न : आमच्याकडे दोन वर्षांपासून फ्लॉवरहॉर्न मासा आहे. टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. मुलीने माशाचं नाव भीम ठेवलंय. आता तो आठ इंचांचा झालाय आणि पाण्यात हात दिसला की धावून येतो. मागच्या महिन्यात यांच्या अंगठ्याला चावला, चांगलं रक्त आलं. म्हणून आम्ही दर महिन्याला त्याला जाळीने बादलीत काढतो, टँक पूर्ण रिकामा करतो, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतो आणि टँक पुन्हा भरतो. या वेळी तो बादलीतून उसळून मोरीत पडला. वाचला, पण पाच दिवस झाले, पाण्याच्या वरच्या थरात तोंड करून राहतो, खात नाही. सासूबाई म्हणतात, असलं रागीट जनावर घरात नकोच. आम्ही काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात फोन नंबर होता म्हणून त्याच संध्याकाळी मी तुमच्याशी बोलले. भीम आता दाणे खातोय हे तुम्ही कळवलंत, फार बरं वाटलं. तेव्हा घाईत सांगितलेलं इथे सविस्तर लिहिते, कारण असं एक तरी पत्र मला दर महिन्याला येतं.

भीमला आजारी पाडलं ते उडीने नाही, नळाखालच्या धुण्याने. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की पाण्यात अमोनिया होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जे जिवाणू राहतात ते अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट माशाला थोडेही सोसत नाहीत, नायट्रेट बऱ्यापैकी सोसतं. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ती मारतं. म्हणजे तुमचा टँक दर महिन्याला जेमतेम सावरायचा आणि तेवढ्यात पुन्हा धुतला जायचा. डोळ्यांना पाणी काचेसारखं दिसत होतं, पण भीमचे कल्ले जळत होते. वर तोंड करून राहणं, भराभर श्वास घेणं, कल्ले लालबुंद दिसणं ही त्याचीच लक्षणं.

तुम्हाला सांगितलेला उपाय असा होता : दोन दिवस खाणं बंद, एअर पंप रात्रंदिवस चालू, आणि रोज फक्त पाव टँक पाणी बदलायचं, तेही क्लोरीन काढलेलं. अमोनियाचं टेस्ट किट घरात ठेवा. माशाला काय होतंय ते ओळखायला दुकानदारापेक्षा ते भरवशाचं.

आता चावण्याबद्दल. मी १९९८ पासून मासे पाळते आणि गेली वीस वर्षं डोंबिवली-ठाण्यात लोकांच्या घरचे, दवाखान्यांतले टँक सांभाळते. फ्लॉवरहॉर्न निसर्गात कुठेच सापडत नाही. मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड कुळातल्या माशांचा संकर करून नव्वदच्या दशकात मलेशियात तो तयार झाला. कपाळावरच्या उंचवट्यामुळे लोक त्याला नशीबवान मानतात आणि वास्तुशांतीला भेट देतात. पण त्याचे पूर्वज आपली जागा आणि पिल्लं राखणारे मासे, तो स्वभाव त्याच्यात पुरेपूर उतरलाय. सासूबाईंना माझा निरोप सांगा, भीम रागीट नाही, तो घर राखतोय. वरून पाच बोटं घुसली की त्याच्या लेखी कुणीतरी त्याच्या हद्दीत शिरलेलं असतं.

म्हणून त्याला घराबाहेर काढायचं नाही. त्याला घरातच एका बाजूला करायचं आणि दुसरी बाजू साफ करायची. मी टँकच्या आतल्या मापाची ॲक्रिलिकची शीट कापून घेते, चार मिलिमीटर जाडीची, पाणी आरपार जायला भोकं पाडलेली. शीट पांढरी किंवा दुधी घ्या. पारदर्शक घेतली तर हात पलीकडे दिसत राहतो आणि मासा शीटवर तोंड आपटून ओठ फोडून घेतो. दिवे आधी बंद करायचे, म्हणजे काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंबही दिसत नाही आणि तो निवळतो. शीट एका टोकाला उभी सोडायची आणि सावकाश, खरंच सावकाश, त्याच्या बाजूला सरकवत न्यायची. तो आपणहून मागे होतो. एक तृतीयांश जागा त्याला सोडा, त्याहून कमी नको. शीटच्या वरच्या कडेला दोन मोठे चिमटे लावा. पहिल्या दोन-तीन वेळा तो शीटवर धडकेल. चौथ्या वेळेपासून भीमला ती सवयीची होईल.

जाळी मात्र कायमची काढून टाका. त्याच्या परांचे काटे आणि दात जाळीच्या धाग्यांत अडकतात, आणि सुटण्याच्या धडपडीत खवले निघतात. कधी बाहेर काढावंच लागलं तर मोठा प्लॅस्टिकचा डबा पाण्यात बुडवून त्यात वळवून घ्या, आणि लगेच झाकण लावा.

दुसरी एक सवय मी सगळ्या घरांना लावते. दाणे टाकायची बाजू एक आणि साफ करायची बाजू दुसरी. तुम्ही भीमला हाताने भरवत असाल तर ते आजच बंद करा. त्याला बोट आणि दाणा यातला फरक तुम्हीच पुसून टाकलेला असतो. लांब दांड्याच्या चमच्याने डाव्या कोपऱ्यात दाणे टाका, आणि साफसफाईची सुरुवात नेहमी उजवीकडून.

हात घालण्याआधी वीज. याबाबत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. फिल्टर, हीटर, दिवा, एअर पंप, सगळ्यांचे प्लग काढायचे. नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण आपल्याकडे जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी बटण न्यूट्रलवर असतं आणि ते बंद केलं तरी उपकरणात वीज राहते. हीटर पाणी उपसण्याच्या वीस मिनिटं आधी बंद करा. पाण्याबाहेर आलेला गरम हीटर तडकतो. फ्लॉवरहॉर्न तर धडका मारूनही हीटरची काच फोडतो, म्हणून त्यावर प्लॅस्टिकचं जाळीदार कव्हर हवंच. टँकमधून येणारी प्रत्येक वायर आधी सॉकेटच्या खाली लोंबू द्या आणि मग वर सॉकेटमध्ये न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खाली ठिबकतं, सॉकेटमध्ये जात नाही. घरात ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह लगेच तोडणारा स्विच, नसेल तर माशांच्या खाण्यावर वर्षभर जेवढं खर्च करता तेवढ्यात तो बसतो.

मग पाणी. तुमच्या मापाच्या टँकमध्ये काठोकाठ भरलं तर १९० लिटर मावतं, थोडी जागा सोडून आणि खडी धरून दीडशे-एकशे साठ समजा. दर आठवड्याला पाव भाग, म्हणजे साध्या बादल्यांनी अडीच-तीन बादल्या. महिन्यातून एकदा सगळं धुण्यापेक्षा हे कमी कष्टाचंही आहे. सायफनची नळी तोंडाने ओढू नका. नळी तांब्याने भरून दोन्ही टोकांवर अंगठे ठेवायचे, एक टोक टँकमध्ये आणि एक खाली बादलीत सोडायचं. दुकानात फुगा दाबायचा सायफनही मिळतो. खडीत नळी खुपसत पुढे जा, निम्मी खडी या आठवड्यात, निम्मी पुढच्या. खरं तर फ्लॉवरहॉर्नला खडी लागतच नाही, तो ती उपसून कोपऱ्यात ढीग करतो आणि तिच्याखाली घाण साठते. दोन-तीन महिन्यांत थोडी थोडी काढून तळ उघडा करा. काचेवरचं शेवाळ चुंबकाच्या ब्रशने घासा, हात ओला होत नाही. स्पंज उपसलेल्या त्याच पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळा, बस्स. तपकिरी राहिला तर राहू दे. साबण कुठेही नको. ते उपसलेलं पाणी तुळशीला, गुलाबाला घाला, झाडं काय तरारतात बघा.

नवीन पाण्यात अँटिक्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या मापाने टाका. पाणी उघडं ठेवलं की चोवीस तासांत क्लोरीन उडतं हे खरं, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते उडत नाही. नाशिकला डिसेंबरात नळाला येणारं पाणी माशाला सोसायचं नाही. थोडं गरम पाणी मिसळून टँकच्या २७-२८ अंशांच्या जवळ आणा आणि मगच ओता. सगळं भरल्यावर आधी शीट काढा आणि प्लग सगळ्यांत शेवटी लावा.

आणि हात. कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे घ्या, फक्त टँकसाठी ठेवा. फ्लॉवरहॉर्नचा चावा म्हणजे बारीक दातांचे ओरखडे, तो आठवड्यात भरतो. भीती दुसऱ्या गोष्टीची असते. २०११ च्या पावसाळ्यात एका ऑस्कर माशाने माझ्या तर्जनीला ओरखडलं. मी नळाखाली बोट धरलं आणि दुसऱ्या दिवशी पुढचे दोन टँक धुतले. तीन आठवड्यांनी तिथे वाटाण्याएवढी लालसर गाठ आली. चामखीळ समजून दीड महिना तिच्यावर औषध झालं. मग मनगटाकडे आणखी दोन गाठी आल्या. टँकचं पाणी हाताळता का, हे तिसऱ्या डॉक्टरांनी विचारलं. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू होता, क्षयाच्या जंतूच्या कुळातला. तो टँकच्या पाण्यात राहतो आणि कापलेल्या, खरचटलेल्या कातडीतून आत शिरतो. मला चार महिने गोळ्या घ्याव्या लागल्या, आणि ते बोट अजून पूर्ण वाकत नाही.

म्हणून तुमच्या यजमानांच्या अंगठ्याकडे पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. चावल्यावर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारायचं, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत त्या हाताने टँकला शिवायचं नाही. न भरणारी गाठ दिसली तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की घरी मासे आहेत. मुलीला झाकण उघडू देऊ नका. झाकणावर वजन ठेवा, म्हणजे तिचा हात आत जाणार नाही आणि भीमही बाहेर येणार नाही.

प्रश्न : मी हॉस्टेलवर राहते. काचेच्या बरणीत एक फायटर मासा आहे. रोज सगळं पाणी बदलते, तरी त्याचे पर फाटत चाललेत. दुसरा फायटर आणला तर त्याला सोबत होईल का?
— कॉलेजमधली वाचक, कोल्हापूर

उत्तर : अगं, दुसरा आणू नकोस. दोन नर एका भांड्यात ठेवलेस तर ते मरेपर्यंत भांडतील. फायटर पाण्याबाहेरची हवाही घेऊ शकतो, म्हणून लोक त्याला बरणीत ठेवतात, पण अमोनिया त्यालाही तसाच भाजतो. निदान वीस लिटरचा टँक, छोटा स्पंज फिल्टर आणि झाकण घे. आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी बदल. बरणीच्या शेजारी आरसा किंवा चकचकीत स्टीलचा डबा असेल तर तो आजच हलव. त्यात दिसणाऱ्या स्वतःशीच तो दिवसभर लढत असतो.

प्रश्न : आमचा फ्लॉवरहॉर्न फार मोठा झालाय, सांभाळणं जमत नाही. जवळच्या तलावात सोडला तर बिचारा मोकळा जगेल ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दादा, कृपा करून सोडू नका. तो नवख्या पाण्यात उपाशी मेला तर तुम्ही त्याला मारलंत, आणि जगला तर तो तलावातली बाकीची पिल्लं खाईल. उजनीच्या जलाशयात आज मच्छीमारांच्या जाळ्यात सकर मासे येतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा कुणाच्या तरी टँकमध्ये काच साफ करायला आणलेला होता. त्याला बाजारात भाव नाही, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, आणि नुकसान कोळ्यांचं होतं. ज्या दुकानातून आणला तिथे परत घेतात का ते विचारा. बरेच जण मोठा मासा फुकट आनंदाने घेतात. नाही घेतला तर मला लिहा. माझ्याकडे चार फुटी टँक मोकळा असलेली दोन घरं आहेत, आणि माशाला नेण्यासाठी हवेने भरलेली जाड पिशवी घेऊन मी स्वतः येईन. फक्त निघण्याआधी एक दिवस त्याला खायला देऊ नका.