स्कूटरवरून लांब जाताना डिकीत काय ठेवावं? फोन आणि टायरमधलं लिक्विड पुरेल का?

पुरणार नाही. तुम्ही लिहिलंय की ११० सीसीची गाडी आहे, बेळगावहून चोर्ल्यामार्गे गोव्याला जाणं होतं आणि कामासाठी निपाणी-चिकोडीच्या फेऱ्या असतात. फोनचा विषय लगेच संपतो. जांबोटी सोडून कणकुंबीकडे लागलात की रेंजचा भरवसा नाही, आणि फोन लागला तरी मदतीची गाडी बेळगावातून नाहीतर गोव्यातल्या साखळी गावाहून निघणार. लिक्विडचं, म्हणजे पंक्चर आपोआप बुजावं म्हणून टायरमध्ये ओततात त्या द्रवाचं, मात्र सविस्तर सांगतो, कारण त्यावरून आमच्या घरात कायमचा वाद आहे.

आधी गाडी काय आहे ते बघा. जुन्या चेतकला स्टेपनी असायची, नट काढले की चाक बदलून माणूस मार्गाला लागायचा. आताच्या ॲक्टिवा, ॲक्सेससारख्या गाड्यांना पुढे १२ इंची आणि मागे १० इंची चाक असतं. स्टेपनी नाही, आणि असती तरी एकच दोन्हीकडे चालली नसती. मागचं चाक उतरवायचं तर आधी सायलेन्सर सोडवावा लागतो. शिवाय गाडी बेल्टवर आणि आपोआप लागणाऱ्या क्लचवर चालते, त्यामुळे ढकलून चालू होत नाही. म्हणजे चाक जागेवर ठेवूनच भोक बुजवायचं आणि हवा भरायची. डिकीतली निम्मी जागा या एका कामाला द्या.

ट्यूबलेसचं पंक्चर किट घ्या. त्यात भोक साफ करायची खरखरीत सळई, नाकं असलेली सुई, भोकात भरायच्या रबरी पट्ट्या आणि चिकटवायचं सोल्यूशन असतं. सळई-सुईची मूठ इंग्रजी टी अक्षरासारखी, पकडायला दणकट हवी. स्क्रू ड्रायव्हरसारख्या प्लास्टिक मुठीचं किट जाड टायरमध्ये जोर लावला की मुठीतच फिरतं. पट्ट्या निदान सहा ठेवा. सोल्यूशनच्या दोन लहान ट्यूब ठेवा, कारण एकदा उघडलेली ट्यूब डिकीच्या उष्णतेत वाळून जाते आणि ते कळतं नेमकं घाटात. सोबत चांगली पक्कड आणि कटर.

मागचा टायर बसला की पहिल्या क्षणी गाडी डुलायला लागते. तिथेच थांबा, पुढच्या वळणावरच्या सावलीपर्यंतसुद्धा नेऊ नका. रिकाम्या टायरवर चालवलं तर टायरची कड रिमवरून सुटते, आणि एकदा सुटली की लहान पंपाने ती परत बसत नाही, त्याला कॉम्प्रेसरच लागतो. गाडी डबल स्टँडवर लावा, चाक हाताने फिरवा, खिळा सापडला की तो मागच्या बाजूला आणा, मडगार्डखाली हात जाईल असा. आणि खिळा लगेच उपटू नका! बरेचदा खिळाच भोक अडवून बसलेला असतो आणि हवा हळू जात असते. तसं असेल तर खिळ्यासकट हवा भरा आणि सावकाश पुढच्या गावापर्यंत जा.

हवा भसाभस जात असेल तरच पट्टी. आधी पट्टी सुईत ओवून मधोमध आणा, सोल्यूशन लावा, आणि मग पक्कडीने खिळा ज्या कोनात घुसलाय त्याच कोनात ओढा. त्याच कोनात सळई घालून पाचसात वेळा आतबाहेर करा. इथे हात जड होतो म्हणून लोक दोनदा फिरवून सोडतात, मग पट्टी आत जात नाही किंवा सुई वाकते. पट्टी दोन-तृतीयांश आत गेली, बाहेर दोन्ही टोकं बोटाच्या पेरभर राहिली, की सुई न पिळता सरळ झटक्यात बाहेर. टोकं तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा, ताणून कापू नका. हवा भरून थुंकी किंवा पाणी लावून बुडबुडे बघा. बुडबुडे आलेच तर त्याच भोकात दुसरी पट्टी. त्यानंतर चाळीसच्या वर जाऊ नका आणि घरी आल्यावर आतून पॅच मारून घ्या.

आता हवा. १० इंची चाकात व्हॉल्व्ह आणि हब यांच्यात जागा इतकी कमी असते की पुष्कळ पंपांचं सरळ तोंड तिथे बसतच नाही. म्हणून लवचिक नळीचा पंप घ्या किंवा व्हॉल्व्हला लावायची वाकडी जोडनळी ठेवा, आणि हे घरी लावून बघा. पायाने मारायचा लहान पंप सगळ्यांत भरवशाचा. चार्जिंगचा पंप सोयीचा आहे, पण डिकीत पडून उतरतो, लांब निघायच्या आदल्या रात्री चार्ज करा. कारचा १२ व्होल्टचा पंप स्कूटरच्या बॅटरीला जोडू नका, ती तीन-चार अँपिअर-अवरची असते, पंप तिला संपवून टाकेल. बहुतेक ११० सीसी गाड्यांना पुढे २२, मागे एकट्याला २९ आणि दोघांना ३६ पीएसआय हवेचा दाब लागतो. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघून घ्या. हवा मोजायचा लहानसा वेगळा गेज ठेवा. व्हॉल्व्हची एक जादा पिन आणि ती फिरवायची टोपी, दोन्ही मिळून खिशातल्या नाण्याएवढी जागा घेतात.

आता लिक्विड. माझ्या मेव्हण्याचं म्हणणं, एकदा टाकून घेतलं की किट कशाला बाळगायचं. तो घाटात जात नाही, म्हणून त्याला असं म्हणायला जमतं. लिक्विड टायरच्या मधल्या पट्ट्यातलं बारीक भोक बुजवतं. मोठा खिळा, खडीने चिरलेली कड, खड्ड्यात वाकलेली रिम, यांतलं काहीही ते थांबवत नाही. काळानुसार ते आत वाळतं, पिनमध्ये अडकून हवा भरू देत नाही, आणि भोक ओलं झालं की पट्टीवरचं सोल्यूशन नीट धरत नाही. शिवाय खिळा आत राहतो आणि चालवणाऱ्याला पत्ताच नसतो. टाकायचं तर टाका, पण किटच्या ऐवजी नको.

बाकीचं थोडक्यात. १० आणि १५ अँपिअरचे दोन-दोन फ्यूज ठेवा. दिवे, हॉर्न, स्टार्टर सगळं एकदम मेलं तर आधी फ्यूज बघा, आणि जागी वायर गुंडाळू नका, पुढे वायरिंग जळतं. १०-१२चा पाना, प्लग पाना, उलटसुलट होणारा स्क्रू ड्रायव्हर, इन्सुलेशन टेप, दहा-बारा केबल टाय, डोक्याला बांधायची बॅटरी, कापडी हातमोजे. नवा स्पार्क प्लग एक, डबीत, गॅप घरी तपासून. बेल्ट बाळगू नका, रस्त्यावर तो बदलता येत नाही. त्यापेक्षा २४,००० किलोमीटरच्या आसपास बदलूनच टाका. इंजिन घोंघावतंय पण गाडी हलत नाही, तर बेल्ट गेला. पावसात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर तसंच झालं तर बहुधा बेल्टच्या कव्हरमध्ये पाणी गेलंय, थोडा वेळ मंद रेस देऊन सुकू द्या. पाणी एअर फिल्टरपर्यंत चढलं असेल तर मात्र स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी अडकलेलं असताना फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

निपाणी-चिकोडी बाजूला उसाच्या दिवसांत रात्री येत असाल तर रिफ्लेक्टर पट्टीचं जाकीट डिकीत हवंच. कडेला बसून चाक बघताना ट्रॅक्टरवाल्याला तुम्ही दिसला पाहिजेत, त्याच्या ट्रॉलीला तर बहुधा मागचा दिवाही नसतो. मदतीचे नंबर: राष्ट्रीय हायवेवर १०३३, एरवी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. आरसी आणि लायसन्स रेंज असतानाच फोनमध्ये उघडून ठेवा.

उरलेल्या दोन गोष्टी. तुमची गाडी जुनी, ट्यूबवाली असेल तर वरच्या पट्ट्यांचा काही उपयोग नाही. जादा ट्यूब घ्या आणि जवळचा पंक्चरवाला गाठायचा, कारण चाक रस्त्यावर सोडवणं अवघड आहे. आणि अथणी-रायबागकडे बाभळीच्या काट्यांचं राज्य आहे, तिथे मेव्हण्याचं लिक्विड खरंच कामाला येतं. किट मात्र तिथेही डिकीत असू द्या.