कपाट आडवे जोडणार असाल, तर आधी त्याचा कर्ण काढा

नमस्कार. घराचे नूतनीकरण चालू असताना वडील आणि भाऊ यांच्या मदतीने शयनगृहातले कपाट घरीच बनवण्याचा तुमचा बेत वाचला. प्लाय कोणता घ्यावा आणि सनमायका कोण चिकटवून देईल, हे तुमचे प्रश्न योग्यच आहेत. परंतु त्याआधी सांगायला हवे की तुम्ही दिलेल्या मापांचे कपाट आडवे जोडले, तर ते त्या जागेत उभेच राहणार नाही. उंची ९४ इंच, खोली २२ इंच आणि फॉल्स सीलिंग ९६ इंचांवर, असे तुम्ही लिहिले आहे. (या उत्तरात ‘खोली’ म्हणजे कपाटाची, राहायच्या जागेला मी शयनगृहच म्हणेन, कारण आमच्या घरी या एका शब्दावरून बराच गोंधळ झाला होता.) जमिनीवर आडवे जोडलेले कपाट उचलताना त्याचा कोपरा छताला लागतो तो उंचीवर नव्हे, तर बाजूच्या फळीच्या, म्हणजे उंची आणि खोली यांच्या, कर्णावर, आणि तुमचा कर्ण साडेशहाण्णव इंच येतो. त्यातही तुमची नवी फरशी अजून बसायची आहे.

मी सुतार नाही, नोकरदार माणूस आहे. तेव्हा हे एका कुटुंबाचा अनुभव म्हणूनच वाचावे. पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या जुन्या सदनिकेत वडील, धाकटा भाऊ आणि मी असे तिघांनी मिळून कपाट केले. उंची ९३ इंच, खोली २४ इंच, आणि बाजूच्या फळ्या थेट जमिनीपर्यंत नेलेल्या. चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी वडिलांनी दर्शनी बाजूचे दोन्ही कर्ण तीन-तीनदा मोजले, गुण्या लावला आणि सुताभराचाही फरक नाही म्हणून सर्वांना चहा दिला. बाजूचा कर्ण मात्र कोणाच्याही मनात आला नाही. रात्री नऊ वाजता आम्ही ते उचलू लागलो, आणि जवळजवळ उभे झाले असतानाच वरचा मागचा कोपरा छताच्या ताज्या रंगात रुतला. भाऊ खाली बसून ढकलत होता, आई ‘छत फुटेल’ म्हणून ओरडत होती आणि वडील ‘अजून थोडे’ म्हणत होते. वर्गमूळ काढण्याची बुद्धी मला तेव्हा झाली: ९६ इंच आणि वर केसभर. छत होते नेमके ९६ इंचांवर.

याहून वाईट वाटते ते पुढचे. माप घेतले तेव्हा छतापर्यंत साडेसत्त्याण्णव इंच मिळणार होते, आणि तेवढ्या उंचीत ते कपाट निमूटपणे उभे राहिले असते. जुन्या फरशीवरच नवी बसवल्यामुळे सिमेंटच्या थरासह दीड इंच गेला. फरशी होईपर्यंत आम्ही का थांबलो नाही, याचे उत्तर एका कार्यालयात आहे. आमच्या सोसायटीच्या कार्यालयाने कामाची परवानगी ४५ दिवसांची दिली, रविवारी आवाजाला बंदी घातली आणि मुदतवाढीचा अर्ज तीन वेळा ‘सचिव आलेले नाहीत’ म्हणून परत केला. नोकरी करणाऱ्या माणसाने करवत चालवायची तरी कधी? म्हणून फळ्या दुकानातूनच कापून आणल्या, त्याही घाईघाईने, फरशीच्या आधी. नियम असावेत याबद्दल माझे दुमत नाही, पण अर्ज घेऊन पोच तरी द्यावी.

शेवटी कपाट पुन्हा आडवे केले आणि बाजूच्या फळ्या खालून तीन-तीन इंच हातकरवतीने कापल्या. सनमायकाचे टवके उडाले ते आजही दिसतात. मग ९० इंचांचा सांगाडा उभा केला, तीन इंचांची वेगळी बैठक बनवून त्यावर चढवला आणि आतून स्क्रूने आवळला.

तुम्हाला माझे स्पष्ट मत असे की, अखंड उंचीचा हट्ट सोडा. सात फुटांचे कपाट आणि वर स्वतंत्र लॉफ्ट, असे दोन भाग करा. ८४ इंच उंची आणि २२ इंच खोली यांचा कर्ण ८७ इंचांच्या आत राहतो. अखंडच हवे असेल, तर बैठक वेगळी ठेवा आणि एकूण उंचीही दोन इंचांनी उतरवा, कारण उभा सांगाडा बैठकीवर चढवायलाही वर मोकळी जागा लागते. जाणकार सुतार याहून चांगला मार्ग सुचवू शकेल.

आता तुमचे मूळ प्रश्न. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये प्लाय घ्याल तेव्हा तो तिथेच यंत्रावर कापून मिळतो का ते विचारा, आणि ८ × ४ फुटांच्या तावातून २४ इंचांच्या दोन पट्ट्या मागताना पात्याची जाडी वजा होते हे धरून चाला. न्हाणीघराच्या भिंतीला कपाट टेकणार असेल, तर आयएस ७१० (भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन, म्हणजे पाणी सोसणारा, प्लाय घ्या आणि मागे बोटभर फट ठेवा. सनमायका दाराच्या एकाच बाजूला लावून पैसे वाचवू नका, दाराला बाक येतो. बिजागऱ्या आम्ही रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणल्या होत्या.

फरशी बसली की चारही कोपऱ्यांत छतापर्यंतची उंची मोजा आणि त्यांतला सर्वांत लहान आकडा इथे लिहा. फळ्यांची मापे मी काढून देईन. तोपर्यंत दुकानदाराला प्लाय कापू देऊ नका.