मोजणीबाहेर काय ठेवलं, ते आधी विचार

प्रिय बेटा,

तुझी मेल दोनदा वाचली. केंद्राच्या कर्जमर्यादेवर लिहायला बसलीस, तीन कागदांत तीन आकडे सापडले आणि अडकलीस. "यातला खरा कोणता, सर?" तिन्ही खरे आहेत. कुणी काय मोजलं आणि काय सोडलं, एवढाच फरक. म्हणून कर्ज किती, हे नंतर. मोजणीबाहेर काय ठेवलं, ते आधी विचार.

संविधानाचं कलम २९२ काढून वाच. संसदेने कायद्याने मर्यादा ठरवली असेल, तर तिच्या आत केंद्राने कर्ज काढायचं. आकडा तिथे नाही. तो २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने आला: केंद्राचं कर्ज जीडीपीच्या ४० टक्के, राज्यं धरून ६० टक्के, मुदत २०२४-२५ अखेर. मुदत संपली तेव्हा एकट्या केंद्राचं कर्ज ५७ टक्क्यांच्या आसपास होतं. आता मार्च २०३१ पर्यंत ५० टक्के, एक टक्का इकडेतिकडे, असं उद्दिष्ट आहे. कोविडमध्ये कर्ज वाढलं म्हणून मी सरकारला बोल लावणार नाही. लोकांना उपाशी ठेवून मर्यादा पाळायची नसते. उघडपणे ओलांडलेली मर्यादा मला चालते. आकडा दुसऱ्याच्या वहीत सरकवून पाळलेली चालत नाही.

सरकारसाठी धान्य खरेदी करणाऱ्या अन्न महामंडळाचंच बघ. रेशनच्या धान्याचं अनुदान द्यायचं केंद्राने. पण २०१६-१७ पासून त्यातला बराच भाग महामंडळ अल्पबचत निधीतून कर्ज काढून भागवत होतं. पोस्टात आपल्या आज्यांनी ठेवलेले पैसे ते! कर्ज महामंडळाच्या नावावर, शेवटी भार सरकारवर, आणि तुटीच्या आकड्यात त्याचा पत्ता नाही. घरखर्च आटोक्यात आहे म्हणून सांगायचं आणि किराण्याची उधारी मेव्हण्याच्या खात्यावर मांडायची, तसं. सरकारचे हिशेब तपासणाऱ्या कॅगने हे आपल्या अहवालात मांडलं. १ फेब्रुवारी २०२१ ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ती कर्जं अर्थसंकल्पात आणली. २०२०-२१ चं अन्न अनुदान १.१६ लाख कोटींवरून ४.२२ लाख कोटींवर गेलं. मोफत धान्याचा खर्च त्यात होता, तशी जुन्या कर्जांची परतफेडही होती. सांगितलं, हे चांगलंच झालं. पण आधीची वर्षं "तूट आटोक्यात" म्हणून छापली गेली, त्यांचं काय?

त्या मथळ्यांवरूनच माझं वाजलं. मी होतो त्या दैनिकात मी सांगितलं, महामंडळाचं कर्ज धरून दुसरा आकडा शेजारी द्या, नाहीतर बातमीवर माझं नाव नको. बातमी नावाशिवाय गेली. पुढचं हिवाळी अधिवेशन आलं तेव्हा विधानभवनाऐवजी मला बाजारभावांच्या टेबलावर बसवलं. हट्टी म्हणाले. होतोच हट्टी, आणि हट्ट बरोबर होता. सरकारच्या जादा खर्चाची, पुरवणी मागण्यांची पुस्तकं आपल्या नागपुरात, सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनात वाटली जात होती आणि मी कळमना बाजारातले तुरीचे भाव लिहीत होतो. ती वर्षं गेली, याची खंत अजून जात नाही.

अमेरिकेचा दाखला दिलास. तिथे मर्यादा कायद्यात डॉलरमध्ये लिहिलेली, अर्थखात्याचा कर्जाचा तक्ता रोज निघतो, म्हणून सगळं स्वच्छ. इतकी घाई काहून? २०१३ मध्ये मे ते ऑक्टोबर त्या रोजच्या तक्त्यात मर्यादेत मोजलं जाणारं कर्ज १६.७ लाख कोटी डॉलरच्या मर्यादेच्या जरासं खाली एकाच जागी खिळलं होतं. सरकार खर्च करतंय, आकडा हलत नाही! सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीतली गुंतवणूक थांबवून नव्या कर्जाला जागा केली जात होती. फरक हा, की अर्थमंत्री तसं तिथल्या संसदेला पत्राने कळवतात, पत्र जाहीर होतं आणि संकट टळल्यावर निधीचे पैसे व्याजासकट भरावे लागतात. म्हणून मी त्याला लपवाछपवी म्हणत नाही. पण मोजणीबाहेर काय ठेवलं, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

आता कामाला लाग. अर्थसंकल्पाच्या खर्चविषयक दस्तऐवजात २७ क्रमांकाचं विवरणपत्र आहे, अर्थसंकल्पाबाहेरच्या कर्जांचं. ते उघड. सरकारने दिलेल्या हमींची यादी शेजारी ठेव. राज्यांच्या महामंडळांची अशी कर्जं २०२२ पासून केंद्र राज्याच्या कर्जमर्यादेत धरतं, केरळ त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलंय. राज्याला लावलेला नियम केंद्राने स्वतःला किती लावला, ते तपास. "तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत" असं लिहून सुटायचं नाही, मी ते वाक्य खोडणार. तिन्ही आकडे दे आणि प्रत्येकाखाली, यात काय धरलेलं नाही, ते एका ओळीत लिही. मसुदा रविवारपर्यंत पाठव. अर्धवट असला तरी चालेल.

तुझा,
सर